अर्ज, नकाशे आणि तिवरं : ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप’ची वाटचाल

‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप’ची स्थापना १९७९ची. त्या वर्षी केंद्रात पर्यावरणाचं स्वतंत्र खातं नव्हतं. ते पुढच्या वर्षी आलं. पर्यावरण संरक्षण कायदा यायला अजून सात वर्षं होती आणि त्याआधी भोपाळ घडायचं होतं. भरतीरेषेपासून किती अंतर सोडून बांधायचं, याचा नियम नव्हता. जुनी देखणी इमारत पाडायला मालकाची मर्जी पुरेशी होती. कचेरीत जाऊन एखादा नकाशा मागितला तर ‘तुम्ही कोण?’ हा पहिला प्रश्न असे. शहरासाठी काही करू पाहणाऱ्या मूठभर मुंबईकरांच्या हाती होता तो १९७४चा जलप्रदूषणाचा कायदा, १९७५चा नागरी भागातली झाडं जपण्याचा राज्याचा कायदा आणि टपालखातं.

ही यादी आधी मांडायचं कारण असं, की ती भरून काढण्यातच संस्थेचं निम्मं आयुष्य गेलं. वृक्षारोपणाचे आणि श्रमदानाचे फोटो या इतिहासात फारसे सापडणार नाहीत. सापडतील ते अर्ज, हरकती, स्मरणपत्रं, प्रतिज्ञापत्रं आणि नकाशे. ज्या नियमाच्या बळावर भांडायचं तो नियमच आधी करून घ्यायचा, आणि झाला की तो पाळला जातो का यावर नजर ठेवायची, हे दुहेरी काम संस्थेने अंगावर घेतलं. यातलं दुसरं काम कधीच संपत नाही, हे तिला पुढे अनुभवाने कळलं.

थळचा धडा

सत्तरचं दशक मुंबईत भरावाचं होतं. बॅकबे रेक्लमेशनमधून नरिमन पॉइंटला उंच इमारती उभ्या राहत होत्या आणि समुद्र आणखी किती हटवणार, असं विचारणारे नागरिक एकत्र येत होते. ‘सेव्ह बॉम्बे कमिटी’ ही याच काळातली. चेंबूर-ट्रॉम्बेच्या पट्ट्यात तेलशुद्धीकरण, खत आणि वीज यांचे कारखाने दाटीने बसले होते. चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले होते.

अशात बॉम्बे हायचा वायू किनाऱ्यावर येणार असं ठरलं आणि त्यावर चालणारा प्रचंड खत कारखाना मुंबईच्या पलीकडे, अलिबागजवळ थळ-वायशेतला उभारण्याचं घाटू लागलं. महानगराच्या इतक्या जवळ आणखी एक अवजड उद्योग कशाला, राज्यात दुसरीकडे जागा नाही का, असा सवाल मुंबईतल्या नागरिकांनी केला. प्रकरण दिल्लीपर्यंत गाजलं. पत्रकार डॅरिल डिमॉन्टे यांनी ‘टेम्पल्स ऑर टूम्ब्ज?’ या १९८५च्या पुस्तकात सायलेंट व्हॅली आणि मथुरा रिफायनरी यांच्या जोडीला थळ-वायशेतचा वाद घेतला, यावरून त्याचं वजन कळावं.

कारखाना थळलाच झाला. पण याच वादाच्या काळात श्याम चैनानी यांच्या पुढाकाराने ॲक्शन ग्रुप आकाराला आला आणि त्याला पहिला धडा मिळाला. जागा मुक्रर झाल्यावर दिलेले पुरावे सरकारला अडचणीचे वाटतात; तेच पुरावे जागा ठरण्याआधी दिले तर निदान वाचले तरी जातात. त्यामुळे कुठल्या खात्यात काय शिजतंय याचा माग ठेवणं आणि आपलं म्हणणं वेळेआधी योग्य टेबलावर पोचवणं, ही संस्थेची रीत झाली. मोर्चे काढणारे होतेच. ग्रुपने मंत्रालयाचे आणि दिल्लीचे जिने चढायचं ठरवलं. चैनानींनी या खटाटोपाच्या नोंदी पुढे ‘हेरिटेज अँड एन्व्हायर्नमेंट : ॲन इंडियन डायरी’ या पुस्तकात मांडल्या. सरकारी निर्णय कसा होतो, कुठे अडतो आणि कुणाच्या सहीने सुटतो, हे समजून घ्यायला आजच्या कार्यकर्त्यालाही ते पुस्तक उपयोगी पडेल.

किनाऱ्याची रेषा

नोव्हेंबर १९८१मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं : भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवावा. पत्र म्हणजे कायदा नव्हे. ते न पाळणाऱ्याला शिक्षा नव्हती आणि न पाळणारे पुष्कळ होते. तरीही किनाऱ्यासाठी लढणाऱ्यांना प्रथमच एक आकडा मिळाला. ‘किनारा वाचवा’ या विनंतीला उत्तर देणं अधिकाऱ्याला सोपं जातं. ‘हे बांधकाम ५०० मीटरच्या आत कसं?’ या प्रश्नाला तितकं सोपं जात नाही.

१९८६मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि एखाद्या परिसरात कोणते उद्योग नकोत हे केंद्राला ठरवता येऊ लागलं. या तरतुदीचा वापर आपल्याकडे रायगड जिल्ह्यातल्या मुरुड-जंजिऱ्यासाठी जानेवारी १९८९मध्ये झाला. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची अधिसूचना निघाली आणि दहा वर्षांपूर्वीच्या त्या पत्रातले ५०० मीटर कायद्यात आले. पुढे २०११ आणि २०१९मध्ये अधिसूचना नव्याने लिहिली गेली आणि दर वेळी सवलतींची यादी लांबली. पण मुंबईत समुद्राजवळ वीट ठेवणाऱ्याला आज निदान एक परवानगी जास्त लागते, याचं मूळ त्या दशकातल्या पाठपुराव्यात आहे.

डहाणूची वीज

मुंबईच्या विजेसाठी डहाणूला औष्णिक वीज केंद्र उभारायचं ठरलं, तेव्हा प्रश्न शहराबाहेरचा असला तरी कारण शहरच होतं. दिवे मुंबईत लागणार आणि राख चिकूच्या वाड्यांवर, वारल्यांच्या शेतांवर, मच्छीमारांच्या खाड्यांत पडणार. मुंबईच्या संस्थेने यात गप्प बसणं बरं दिसलं नसतं. डहाणूतल्या स्थानिक पर्यावरण गटाबरोबर ॲक्शन ग्रुपने न्यायालयात धाव घेतली. उच्च न्यायालयात आणि १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयातही केंद्र रोखण्यात अपयश आलं.

मात्र हरलेल्या खटल्याच्या पोटातून दोन गोष्टी निघाल्या. धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवण्याची अट वीज केंद्राच्या मानगुटीवर राहिली. आणि २० जून १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. तालुक्यात उद्योगांसाठी एकूण ५०० एकरांची मर्यादा पडली. ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशानंतर ‘डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण’ नेमलं गेलं. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचं अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळलं. १९९८मध्ये वाढवण बंदराला नकार देण्याचं धैर्य याच प्राधिकरणाने दाखवलं आणि गंधक काढणारी यंत्रणाही त्याच्याच रेट्यामुळे २००७मध्ये एकदाची चालू झाली. निकालानंतर सोळा वर्षांनी! अट घालून घेणं आणि अट पाळून घेणं यांत किती अंतर असतं, याचं याहून चांगलं उदाहरण संस्थेच्या दप्तरात नाही.

आवाज आणि वारसा

भोंगे, लाउडस्पीकर आणि फटाके हा पर्यावरणाचा प्रश्न आहे, असं म्हणणारा माणूस ऐंशीच्या दशकात विक्षिप्त ठरे. डॉ. यशवंत ओक यांनी ते म्हणण्याचं धाडस केलं. त्यांच्यासह ॲक्शन ग्रुपने १९८५मध्ये ध्वनिप्रदूषणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जनहित याचिका हा प्रकारच तेव्हा नवा होता. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले ते २०००मध्ये. रात्री दहानंतर मांडवाशेजारी पोलीस उभा राहतो आणि कार्यकर्ते नाइलाजाने स्पीकर बंद करतात, त्याआधी हा पंधरा वर्षांचा पल्ला आहे.

वारसा इमारतींचं काम पुष्कळांना पर्यावरणापेक्षा वेगळं वाटतं. चैनानींना तसं वाटत नसे, हे त्यांच्या पुस्तकाच्या नावातच दिसतं. फोर्टमधल्या दगडी कमानी, गिरगावातल्या वाड्या, जुनी उद्यानं आणि चौक हे शहराच्या परिसराचेच भाग आहेत, ही भूमिका घेऊन संस्थेने इतर संस्थांबरोबर वारशाच्या नियमावलीसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. एप्रिल १९९५मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियम लागू झाले. अशी नियमावली करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. इमारतींची आणि परिसरांची यादी झाली, तीन श्रेणी ठरल्या, सल्ला देणारी समिती बसली. त्या यादीवर तेव्हाही रुसवेफुगवे झाले आणि आजही होतात. मोडकळीला आलेल्या चाळीत राहणाऱ्या भाडेकरूला ‘तुमचं घर वारसा आहे’ हे ऐकून आनंद होत नाही. त्याला नळाला पाणी आणि डोक्यावर पक्कं छत हवं असतं. नियम करणाऱ्यांनी दुरुस्तीच्या पैशाची सोयही बघायला हवी होती, ही टीका रास्त आहे.

राष्ट्रीय उद्यान : जिंकलेला आणि बोचणारा खटला

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं. तुळशी आणि विहार ही दोन तळी त्याच्या पोटात, बिबटे त्याच्या झाडीत आणि चहूबाजूंनी महानगर. नव्वदच्या दशकात त्याच्या कडा झपाट्याने कुरतडल्या जात होत्या. झोपड्या होत्या, दगडखाणी होत्या आणि या साऱ्यातून पैसा करणारे दलालही होते. १९९५मध्ये ॲक्शन ग्रुपने याचिका केली. देबी गोएंका यांनी ती नेटाने लढवली. ७ मे १९९७ रोजी उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५च्या मतदारयादीत नाव असलेल्या कुटुंबांना उद्यानाबाहेर पर्यायी जागा द्यायची आणि त्यासाठी त्यांनी सात हजार रुपये भरायचे, असं ठरलं.

उद्यान वाचलं, हे खरं. त्याची किंमत कुणी दिली, हेही इथे लिहायला हवं. हजारो झोपड्या तुटल्या. यादीत नाव नसलेल्यांना काहीच मिळालं नाही, नाव असलेल्यांपैकी अनेकांना सात हजारही जड होते, आणि रोजगार मुंबईत असताना घर कल्याणपलीकडे घेऊन करायचं काय, हा प्रश्न होताच. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणारे वारली आणि त्यांचे पाडेही या धामधुमीत अतिक्रमणाच्या हिशेबात ओढले गेले. निवारा हक्क सुरक्षा समितीने या पाडापाडीला कडाडून विरोध केला. पुढे चांदिवलीला संघर्षनगर वसलं आणि विस्थापितांपैकी अनेकांना शहरातच पक्कं घर मिळालं, ते या दुसऱ्या बाजूच्या चिकाटीमुळे.

पर्यावरणवाले श्रीमंतांच्या बाजूचे, हा आरोप मुंबईत तेव्हापासून चिकटला आहे. त्याला बचावाचं उत्तर देता येतं : पाणलोटाचं जंगल गेलं तर तहान सगळ्यांनाच लागते. पण गरिबाचं घर कुठे असावं याचा विचार शहराच्या आराखड्यात वेळेवर झाला असता, तर ते जंगलाच्या कडेला उभंच राहिलं नसतं. जंगलाची हद्द आखताना माणसांच्या जागेचाही हिशेब मांडावा लागतो. संस्थेच्या विजयांमध्ये या खटल्याचं नाव ठळक आहे आणि सर्वांत जास्त विचार करायला लावणारंही तेच आहे.

डोंगरावर

मुंबईकराला थंड हवा हवी झाली की तो माथेरानला किंवा महाबळेश्वरला जातो आणि पुढे तिथे त्याला बंगला हवासा वाटतो. ही भूक आवरण्यासाठी संस्थेने दोन्ही ठिकाणी पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रासाठी प्रयत्न केले. महाबळेश्वर-पाचगणीची अधिसूचना १७ जानेवारी २००१ची, माथेरानची ४ फेब्रुवारी २००३ची. मोटारींना मज्जाव ही माथेरानची जुनी रीत होती. तिला आता केंद्राच्या अधिसूचनेचं पाठबळ मिळालं. स्थानिकांना घराची पडवी वाढवायला परवानग्यांच्या खेपा आणि धनिकांच्या बंगल्यांना मात्र पळवाट, ही तिथली तक्रार आजही ऐकू येते.

गिरण्यांच्या जमिनी : हरलेली बाजी

मुंबईच्या मध्यावर ५८ कापड गिरण्या आणि त्यांची सुमारे ६०० एकर जमीन. १९८२च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडू लागली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने एक सोपी वाटणी सांगितली होती. जमीन विकसित करायची असेल तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. ही वाटणी प्रत्यक्षात आली असती, तर परळ-लालबागला आज मोठाली मैदानं आणि कामगारांची घरं शेजारी-शेजारी दिसली असती.

२००१मध्ये नियम बदलला. वाटणी साऱ्या जमिनीची न करता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची करायची, असा अर्थ निघाला. गिरण्यांत शेड आणि चिमण्या दाटीने उभ्या. मोकळी जागा ती किती असणार? शहराच्या वाट्याला तुकडे उरले. बदलाची सूचना रीतसर निघाली होती. त्या कागदातून काय जाणार आहे, ते शहराला उमगेपर्यंत मात्र जमिनींचे व्यवहार सुरू झाले होते.

२००५च्या सुरुवातीला ॲक्शन ग्रुपने याचिका केली. या वेळी पर्यावरणवाले आणि गिरणी कामगार यांचं मागणं एकाच दिशेचं होतं. दत्ता इस्वलकरांची बंद गिरणी कामगार संघर्ष समिती आधीपासून जमिनीवरच्या हक्कासाठी झगडतच होती. १७ ऑक्टोबर २००५ रोजी उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने कौल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आव्हान द्यायला चार वर्षं का लागली, हा मुद्दा प्रतिपक्षाने सुनावणीत मांडलाच होता. गिरणगावात आज जे काचेचे मनोरे आणि मॉल आहेत, त्यांच्या खाली शहराची हुकलेली मैदानं आहेत. संस्थेचा हा सर्वांत मोठा पराभव, आणि त्यातला मोठा वाटा उशिराचा. थळचा धडा गिरण्यांपाशी पुन्हा गिरवावा लागला.

तिवरं

खाडीच्या चिखलात गुडघाभर मुळं वर काढून उभी असलेली तिवरं मुंबईकराला फार काळ झाडं वाटतच नव्हती. ती म्हणजे घाण, डासांचं घर, भराव टाकायची जागा. कोळ्यांना मात्र ठाऊक होतं, की निवट्या, चिंबोऱ्या आणि कोळंबीची पिल्लं तिथेच वाढतात. आधी डेब्रिजचे ट्रक रात्री येऊन ओततात, मग बंधारा घालून भरतीचं पाणी तोडतात, झाडं वाळतात आणि शेवटी ‘इथे कांदळवन नाहीच’ असा नकाशा निघतो. ही पद्धत शहरभर सर्रास होती.

ॲक्शन ग्रुपची याचिका २००४ची. सुनावणी चालू असतानाच २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी रस्त्यांवरून वाहिली आणि पाणी जिरायच्या-पसरायच्या जागा आपण बुजवल्या आहेत, हे मुंबईला छातीभर पाण्यात उभं राहून समजलं. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, ६ ऑक्टोबर २००५ रोजी, उच्च न्यायालयाने राज्यभरातल्या कांदळवनांची तोड, त्यांवरचा भराव आणि त्यांच्या ५० मीटर परिघातलं बांधकाम थांबवलं. सरकारी जमिनीवरची कांदळवनं संरक्षित वन म्हणून जाहीर करायला सांगितलं. उपग्रहाच्या साहाय्याने नकाशे झाले. २०१२मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला.

अंतिम निकाल १७ सप्टेंबर २०१८ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. रियाझ छागला यांच्या खंडपीठाने दिला. कांदळवनांचा नाश म्हणजे घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असं त्यात नोंदवलं गेलं. सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोड करायची असेल तर उच्च न्यायालयाची परवानगी हवी, तक्रारींसाठी यंत्रणा हवी, आणि देखरेखीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती हवी, हेही ठरलं. याचिकेपासून निकालापर्यंत चौदा वर्षं गेली. एखादी बी रुजून तिचं झाड व्हायला लागावा, तितका हा काळ.

नियमानंतरचं काम

या निकालाने तोड थांबली का? नाही. बुलेट ट्रेनच्या मार्गात येणारी सुमारे २० हजार तिवरं तोडायला उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये परवानगी दिली. ॲक्शन ग्रुपने न्यायालयात विरोध केला होता, तो मान्य झाला नाही. तरीही त्या प्रकरणात एक गोष्ट घडली. प्रकल्पाच्या सुरुवातीच्या आराखड्यात तोडायच्या झाडांचा आकडा ५० हजारांच्या वर होता; न्यायालयाच्या दारात येईपर्यंत तो निम्म्याहून खाली आला. दारात कुणीतरी हिशेब विचारणार आहे हे माहीत असलं, की आकडा आधीच कमी करून आणला जातो. संस्थेच्या यशाचं माप घ्यायचं तर ते असंच घ्यावं लागेल : किती प्रकल्प अडवले यापेक्षा किती प्रकल्पांना आधी विचारावं लागलं.

श्याम चैनानी आज हयात नाहीत. देबी गोएंका यांनी २००५मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन ॲक्शन ट्रस्ट’ ही वेगळी संस्था उभी करून काम चालू ठेवलं. दरम्यान शहरात अनेक नवे गट आले : आवाजावर, आरेच्या झाडांवर, किनाऱ्याच्या सफाईवर काम करणारे. त्यांच्या हाती आता माहितीचा अधिकार आहे, उपग्रहाची छायाचित्रं मोबाइलवर आहेत, हरित लवाद आहे. १९७९च्या मंडळींना यातलं काही नव्हतं.

नव्या स्वयंसेवकाला संस्थेच्या अनुभवातून सांगायचं ते थोडकंच आहे. विकास आराखड्यात किंवा नियमावलीत बदल करायचा झाला, तर नगररचना कायद्याप्रमाणे सूचना निघते आणि हरकतींसाठी मुदत मिळते; ३७व्या कलमाखालच्या बदलांना ती महिनाभराची असते. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेली असते. ती वाचावी. सोबतचा नकाशा मागून घ्यावा आणि जागेवर जाऊन ताडून पाहावा. हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. सुनावणीला जाताना त्या जागेवर जगणाऱ्या माणसांनाही बरोबर घ्यावं. त्यांच्याशिवाय मिळवलेला निकाल अर्धा असतो, हे राष्ट्रीय उद्यानाने शिकवलं. आणि हे सगळं मुदतीत करावं, हे गिरण्यांनी.